रेडिएटरमध्ये हळद टाकली तर?

प्रश्न : माझ्या मामेभावाने पुण्याहून एक सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली. दोनच सीट, इंजिन सीटच्या मागे, टर्बो. मे महिन्यात आम्ही दोघे ती घेऊन समृद्धी महामार्गाने येत होतो. विरूळ सोडल्यावर, येळाकेळी यायच्या आत, कूलंट कमी असल्याचा दिवा लागला. खाली उतरून पाहिलं तर थेंबही नव्हता. कसंबसं घरी आणून रात्रभर उभी केली, तरी सकाळी फरशी कोरडी. दोन दिवसांनी मागच्या चाकाजवळ फिकट गुलाबी डाग दिसला. गावातले एक ट्रकवाले काका म्हणाले, "काही नाही लागत रे, दोन चमचे हयद टाक रेडिएटरात, बंद होते." आमच्या तालुक्यात हळदीला तोटा नाही, पण भाऊ घाबरतो. हळदीने खरंच गळती थांबते का, की ही नुसती ऐकीव गोष्ट आहे?
(एक वाचक, समुद्रपूर)

उत्तर : थांबते, पण काकांच्या ट्रकमधली. भावाच्या गाडीत टाकू नका. त्याला घाबरू द्या, या बाबतीत घाबरणं स्वस्त पडतं.

आधी काकांची बाजू, कारण ते उगाच बोलत नाहीत. हळदीच्या पुडीत सगळ्यात जास्त असतो तो स्टार्च, सोबत थोडे तंतू. गरम पाण्यात स्टार्च फुगतो आणि चिकट होतो. पाणी जिथून बाहेर पडतं, तिकडे हे कणही ओढले जातात. छिद्र सुईच्या टोकाएवढं असेल तर तंतू त्यात आडवे अडकतात, त्यांवर फुगलेला स्टार्च बसतो, बाहेरच्या गरम हवेत त्यातलं पाणी उडून जातं आणि छिद्रावर खपली धरते. गळती बंद. हा खेडवळ जुगाड आहे असं समजून नाक मुरडायचं कारण नाही. अमेरिकेत रेडिएटरची गळती बुजवणाऱ्या गोळ्या गेली अनेक दशकं विकल्या जातात आणि त्यांतल्या एका प्रसिद्ध प्रकारात चक्क आल्याच्या मुळ्यांची भुकटी असते. जनरल मोटर्स तर काही इंजिनांत अशा गोळ्या कारखान्यातच घालत असे. आलं आणि हळद एकाच कुळातली. म्हणजे डेट्रॉइटचे इंजिनिअर आणि तुमचे काका फिरून एकाच मसाल्याच्या डब्यापाशी आले. तुमच्या तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते मात्र रेडिएटरसाठी नव्हे.

ही युक्ती चालायची ती त्या काळच्या रेडिएटरमुळे. जुन्या ट्रकचा, जीपचा किंवा अँबेसिडरचा रेडिएटर तांब्या-पितळेचा असे. नळ्या ऐसपैस, झाकणाचा दाब बेताचा. हिंगणघाटहून रुईच्या गाठी भरून निघालेल्या ट्रकचा रेडिएटर वाटेत गळू लागला तर ड्रायव्हर हळद टाकून पुढचं मोठं गाव गाठायचा. तिथला रेडिएटरवाला वरची टाकी उकलून नळ्यांतून सळई फिरवायचा, हळदीचा आणि चुन्याचा चोथा काढायचा, छिद्राला डाग द्यायचा आणि टाकी परत बसवायचा. हळद टाकली म्हणजे दुरुस्ती झाली असं जुने ड्रायव्हर कधीच मानत नसत. ती रेडिएटरवाल्यापर्यंत पोचायची सोय होती. हा दुसरा भाग सांगायचा राहून जातो आणि पुढच्या पिढीला फक्त हळद मिळते.

आता भावाची गाडी. तिचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा, बाजूच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, मध्ये रबराचं सील घालून धातूच्या कडा वाकवून आवळलेल्या. नळ्या चपट्या, आतली फट जेमतेम एक-दोन मिलिमीटर. केबिनच्या हीटरची जाळी आणखी बारीक. टर्बोला थंड ठेवणारी कूलंटची नळी बोटाहून बारीक, आणि तिच्या जोडाच्या बोल्टमधलं भोक त्याहून लहान. हळदीला भोक आणि नळी यांतला फरक कळत नाही. जिथे वाट अरुंद आणि धातू तापलेला, तिथे ती बसणार. टर्बोजवळ तर इंजिन बंद केल्यावरही धातू इतका तापलेला असतो की बऱ्याच गाड्यांत एक छोटा विजेचा पंप नंतर काही मिनिटं कूलंट फिरवत राहतो. तिथे स्टार्च साचून करपला तर गळती थांबेल की नाही ठाऊक नाही, टर्बोची नळी मात्र चोंदेल. शिवाय हा रेडिएटर उकलून सळई फिरवता येत नाही आणि ॲल्युमिनियमला गल्लीतल्या डागाने जोड बसत नाही. त्याला आर्गन वेल्डिंग लागतं, आणि प्लॅस्टिकची टाकी तडकली असेल तर तेही उपयोगाचं नाही.

बाजारातल्या 'स्टॉप लीक' बाटलीलाही हेच लागू. बाटली महाग म्हणून ती हळदीपेक्षा शहाणी ठरत नाही.

खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे. गळती म्हटली की आपण किती लिटर सांडलं ते मोजतो. अर्धा लिटर कूलंट कमी झाल्याने लगेच इंजिन जळत नाही. घात होतो तो दाब गेल्याने. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल यांचं मिश्रण उघड्या भांड्यात १०७-१०८ च्या आसपास उकळतं. त्याच मिश्रणावर एक बारच्या थोडा वर दाब ठेवला की उकळबिंदू १२५ अंशांच्या पलीकडे जातो. कूलंटच्या टाकीचं झाकण हे काम करतं. त्यावर १.१, १.४ असा आकडा छापलेला असतो, तो बारमध्ये असतो. टर्बो इंजिनाचं कूलंट धावताना ९० ते १०५ अंशांवर असतं, म्हणजे दाब असला तरच त्याला थोडी उसंत आहे. छिद्र पडलं की दाब टिकत नाही. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती, जिथे धातू सगळ्यात गरम, तिथे कूलंट उकळून वाफ धरतं. वाफेला पाण्यासारखी उष्णता वाहून नेता येत नाही. ॲल्युमिनियमचं हेड तेवढ्या जागेत जास्त तापून वाकतं आणि हेड गॅस्केट जातं. टाकीत कूलंट दिसत असतानाही हे होऊ शकतं.

त्यात आपला मे महिना. पेट्रोल जाळून निघालेल्या उष्णतेचा ढोबळ तिसरा हिस्सा कूलंटमधून बाहेर टाकावा लागतो. ताशी १२० किलोमीटरने चाललेल्या गाडीत हे घरातले दहा-बारा गिझर एकदम चालू ठेवल्यासारखं आहे. जानेवारीच्या सकाळी हवा १५ अंश आणि कूलंट ९५ अंश, म्हणजे फरक ८० अंशांचा. मेच्या दुपारी वर्ध्याची हवा ४५ अंश, फरक उरतो ५०. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण उष्णता फेकायची ताकद तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटलेली. म्हणूनच पुण्यात गप्प बसलेली गळती विरूळ-येळाकेळीच्या मध्ये बोलती झाली. सरळसोट रस्त्यावर पाय पेडलवरून उठत नाही, हेही आहेच.

घरची फरशी कोरडी का राहिली, याचं उत्तरही दाबातच आहे. इंजिन गरम असताना बारीक फटीतून कूलंट तुषारासारखं उडतं, तापलेल्या भागावर पडतं आणि क्षणात वाफ होऊन जातं. गाडी थंड झाली की दाब शून्यावर येतो, रबर आणि प्लॅस्टिक आकसतं, आणि सकाळी बघाल तर सगळं ठणठणीत. मागे उरतो तो वाळलेला गुलाबी किंवा पांढरट थर. शोधायचा असतो तो हा थर. ओल शोधत बसलात तर दिवस जाईल.

आणि मागच्या चाकाजवळचा डाग पाहून गळती तिथेच आहे असं धरू नका. अशा गाडीच्या पोटाखाली पुढून मागेपर्यंत प्लॅस्टिकचं कव्हर असतं. गळलेलं कूलंट त्यावर साचतं, वेग घेतला की मागे सरकतं आणि पहिल्या स्क्रूच्या भोकातून खाली पडतं. डाग मागे, छिद्र कदाचित नाकाशी. इंजिन मागे असलेल्या बहुतेक गाड्यांत रेडिएटर पुढेच असतात, त्यामुळे कूलंटला दोन लांब नळ्यांतून गाडीच्या पोटाखालून जावं-यावं लागतं. लांबी वाढली की जोडही वाढले. आपल्याकडे पुण्याजवळ बनलेली डीसी अवंती याच मांडणीची होती, सीटच्या मागे रेनॉचं २ लिटरचं टर्बो इंजिन. त्याआधी गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्ममध्येही रेनॉचंच छोटं इंजिन होतं, पण पुढे. पोटाखालून लांब नळ्या न्यायची भानगड तिच्यात नव्हती.

लांब नळ्यांचं दुखणं फक्त स्वस्त गाड्यांना होतं असंही नाही. पोर्शने ९११ चं इंजिन नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत हवेनेच थंड ठेवलं आणि मग पाण्याकडे वळली. त्यानंतरच्या ९९६ टर्बो आणि जीटी३ या गाड्यांत कूलंटच्या काही नळ्यांचे जोड इंजिनात चिकटद्रव्याने बसवले होते. वर्षानुवर्षं तापून-निवून ते चिकटद्रव्य सुटतं आणि जोड एकदम निखळतो. जगभरचे मालक इंजिन उतरवून ते जोड वेल्ड करून घेतात. भावाच्या गाडीचं नाव तुम्ही कळवलं आहे, ते मी मुद्दाम छापत नाही. उत्तर त्यावाचून अडत नाही.

तर करायचं काय? इंजिन पूर्ण थंड असताना प्रेशर टेस्ट. टाकीचं झाकण काढून तिथे घड्याळ बसवलेला हातपंप लावतात आणि झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब भरतात, त्याहून जास्त नाही. मग दहा-पंधरा मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. इंजिन चालू न करता गरम गाडीतला दाब तयार झाला, म्हणजे गळती आता थंड आणि ओली दिसेल. वर्धा-नागपुरातल्या बऱ्या वर्कशॉपमध्ये हा पंप असतो, पण झाकणाच्या मापाचा अडॅप्टर आहे का ते आधी फोन करून विचारा. पोटाखालचं कव्हर काढल्याशिवाय टेस्ट करणाऱ्याला नमस्कार करून परत या. अर्धं काम तिथेच फसतं.

काटा खाली आला आणि कुठेतरी ओलं झालं, तर गोष्ट सोपी. क्लिप ढिली असेल, होजचं टोक फुगलं असेल, थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिकच्या घराला चीर गेली असेल, टाकीची शिवण सुटली असेल. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. त्यातून रंगीत ओघळ आलेला दिसला तर आतलं सील गेलं आहे, पंप बदला. ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांच्या पंपाचं बेअरिंग पुढे काय करतं ते सांगायला नको.

काटा खाली आला आणि बाहेर सगळं कोरडं, तर मात्र गंभीर व्हा. कूलंट आत जात आहे. केबिनमध्ये गोडसर वास आणि काचेवर आतून तेलकट धुकं असेल तर हीटरची जाळी. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहाच्या रंगाचा थर असेल, सकाळी स्टार्ट केल्यावर पांढरा धूर बराच वेळ हटत नसेल, टाकीत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट. याची एक साधी रासायनिक चाचणी आहे. टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरतात. कूलंटमध्ये जळालेल्या पेट्रोलचा वायू मिसळत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने निळा रंग पिवळा पडतो. पिवळा पडला तर गाडी तिथून चालवत आणू नका.

गाडी आपल्याकडे आल्यावर आणखी दोन गोष्टी घडतात, त्या पुण्याच्या मालकाने सांगितल्या नसतील. एक, गावोगावचे गतिरोधक. अर्ध्यांना रंग नाही, उंचीला माप नाही. बुटक्या गाडीचं पोट त्यावर घासलं की कव्हरचे क्लिप तुटतात आणि वर नळ्या आहेत. दोन, कापूस आणि कुटार. कापसाच्या हंगामात रस्त्यावर उडणारी रुई आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांतलं कुटार नाकातल्या जाळीतून आत शिरतं आणि एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत गादीसारखं बसतं. बाहेरून काही दिसत नाही. पुढचा बंपर उतरवून, मागून पुढे, हलक्या धारेने धुवायचं. वॉशिंग सेंटरची जोराची गन लावली तर ॲल्युमिनियमच्या पात्या वाकतील आणि तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल.

रस्त्यावर परत दिवा लागला तर काय, हेही विचारायला हवं होतं तुम्ही. तापमानाचा काटा मधोमध असेल तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर लावा, काचा खाली घ्या, वेग उतरवा आणि पुढच्या इंटरचेंजला बाहेर पडा. मे महिन्यात हीटर लावणं म्हणजे शिक्षा आहे खरी, पण हीटरची जाळी हा एक छोटा रेडिएटरच आहे. लाल दिवा लागला किंवा काटा वर सरकला, तर पुढचं इंटरचेंज विसरा. डाव्या कडेला जितकं जाता येईल तितकं जा, चारही इंडिकेटर लावा, इंजिन बंद करा आणि सगळे क्रॅश बॅरिअरच्या पलीकडे उभे राहा. गाडीत बसून मदतीची वाट बघू नका. अशा रस्त्यावर कडेला उभ्या वाहनाला मागून धडक बसणं हाच मोठा धोका असतो. आणि काटा एकाएकी खाली पडला म्हणून हुश्श करू नका. सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असेल तरच खरं बोलतो. भोवती कूलंट उरलं नाही की तो हवेचं तापमान दाखवतो. काटा गार, इंजिन करपतंय, असं होतं.

टाकीचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. दाबाखाली ११० अंशांवर असलेलं कूलंट दाब सुटताच वाफ होऊन तोंडावर येतं. वरचा होज हाताने दाबला जाईल इतका मऊ आणि कोमट झाला की जाड फडकं टाकून, थोडं थोडं फिरवत. आपल्या उन्हात त्याला तास-दीड तास लागेल, लागू द्या. घालायला कूलंट नसेल तर बाटलीबंद पाणी चालेल, तेही वर्कशॉपपर्यंतच. गाडी न्यायची तर फ्लॅटबेडवर. दोरी लावून ओढायची भाषा कुणी केली तर त्याला या गाडीचं पोट दाखवा.

दुरुस्तीनंतरची एक गोष्ट बरेच जण विसरतात. लांब नळ्यांच्या गाडीत नुसतं वरून कूलंट ओतलं तर हवा आत अडकते आणि गाडी परत तापते. मग गळती राहिली आहे असं वाटून लोक दुसऱ्यांदा गाडी खोलतात. आधी व्हॅक्यूम पंपाने आतली हवा ओढून मग कूलंट भरायचं, ही अशा गाड्यांची रीत आहे. आणि विम्यावर भिस्त ठेवू नका. नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि त्यातून ओढवलेलं नुकसान वगळलेलं असतं. लाल दिव्यावर चालवून वाकवलेलं हेड तुमच्याच खिशातून सरळ होईल.

आता समजा, हे छापून येईपर्यंत काकांनी हळद टाकलीच असेल, तर कूलंट बघा. ते पिवळं न दिसता तांबूस, विटकरी झालेलं दिसेल आणि मेकॅनिक म्हणेल, आत गंज आहे. गंज नव्हे ते. ताजं कूलंट अल्कधर्मी असतं आणि हळदीतलं करक्युमीन अल्कात लाल होतं. हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. कूलंट पूर्ण काढा, डिस्टिल्ड वॉटरने स्वच्छ पाणी येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुऊन घ्या आणि थर्मोस्टॅट काढून बघा, चोथा पहिल्यांदा तिथे सापडतो.

प्रश्न : वर्ध्यात बर्फ पडत नाही. मग अँटीफ्रीझ म्हणून विकलं जाणारं महागाचं कूलंट कशाला? बोअरचं पाणी का नको?
(एक वाचक, पुलगाव)

उत्तर : तुमची शंका निम्मी बरोबर आहे. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी कूलंटपेक्षा सरसच असतं. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात, निम्म्या ग्लायकॉलच्या मिश्रणाला सुमारे ३.४. रेसच्या बऱ्याच ट्रॅकवर तर ग्लायकॉलला बंदीच असते आणि पाण्यात गंजरोधक घालून गाड्या चालवतात. कारण सांडलेलं ग्लायकॉल पाण्यासारखं वाळत नाही, ट्रॅक निसरडा करतं आणि मागून येणारा घसरतो.

पण रेसच्या गाडीचं कूलंट वारंवार बदललं जातं, तुमचं तीन-चार वर्षं आत राहणार आहे. तेवढ्या काळात पाणी ॲल्युमिनियम, लोखंड आणि डाग यांच्यात रासायनिक भांडण लावतं. कूलंटमध्ये पैसे लागतात ते त्यातल्या गंजरोधकांचे. उकळबिंदू वाढतो हा दुसरा फायदा, आणि न गोठणं हा आपल्यासाठी तिसरा, म्हणजे बिनकामाचा. बोअरच्या पाण्याचं तर नावच काढू नका. आपल्या काळ्या खडकातून येणारं पाणी जड असतं, त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तापल्यावर खाली बसतं. बादलीतल्या हीटरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर पाहिला असेल. तोच एक-दोन मिलिमीटरच्या फटीत जमला की नळी बंद. कूलंट घट्ट मिळालं तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं करा, तयार मिश्रण मिळालं तर त्यात काहीच घालू नका.

रंगावर मात्र जाऊ नका. हिरवं, गुलाबी, जांभळं हे कंपनीने घातलेले रंग आहेत, त्यांचं जागतिक प्रमाण असं काही नाही. एकाच गुलाबी रंगाची दोन कूलंट आतून वेगळ्या जातीची असू शकतात, आणि दोन जाती मिसळल्या की गंजरोधक निकामी होतात, कधी चिकट गाळही होतो. गाडीच्या पुस्तकात जो क्रमांक लिहिला आहे तो बाटलीवर शोधा.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. ग्लायकॉल मोटारीच्याही आधीचं आहे. फ्रान्सच्या वुर्त्झने ते १८५० च्या दशकात बनवलं. १८८८ मध्ये बेर्था बेंझ नवऱ्याची मोटार घेऊन मानहाइमहून माहेरी फॉर्झहाइमला निघाली, तेव्हा तिच्या गाडीला रेडिएटरच नव्हता. पाणी उकळून उडून जायचं आणि ती वाटेत मिळेल तिथे भरायची. आपल्या मे महिन्यात तिला पुलगावहून वर्धाही गाठवलं नसतं.

प्रश्न : घरासमोर कार दुरुस्त करताना कूलंट सांडलं आणि गल्लीतलं कुत्रं ते चाटू लागलं. आम्ही हाकललं. त्याला काही होईल का?
(एक वाचक, आर्वी)

उत्तर : होऊ शकतं, आणि जीवही जाऊ शकतो. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, म्हणून कुत्री आणि लहान मुलं त्याला तोंड लावतात. शरीरात गेल्यावर यकृत त्याचं ऑक्झॅलिक आम्लात रूपांतर करतं, त्याचे कॅल्शियमसोबत खडे बनतात आणि ते मूत्रपिंडात रुततात. पहिले काही तास प्राणी झिंगल्यासारखा वाटतो, नंतर सावरल्यासारखाही वाटतो. इथेच लोक निर्धास्त होतात. लघवी बंद व्हायला एक-दोन दिवस लागतात आणि तोवर उशीर झालेला असतो. उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच लागू पडतो. चाटलं असल्याची खात्री असेल तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्यकाकडे न्या.

मुलाच्या पोटात गेलं असेल तर घरी उलटी काढायचे, दूध पाजायचे प्रयोग करू नका. बाटली सोबत घ्या आणि थेट मोठं रुग्णालय गाठा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आपल्या जिल्ह्यातच आहे. निघतानाच फोन करून 'इथिलीन ग्लायकॉल' हे नाव सांगा, 'गाडीचं पाणी' असं सांगू नका. याच घराण्यातलं डायइथिलीन ग्लायकॉल खोकल्याच्या औषधात आलं, तेव्हा २०२५ मध्ये जवळच्या छिंदवाडा जिल्ह्यातली लहान मुलं मूत्रपिंड निकामी होऊन दगावली, त्यांतल्या बऱ्याच जणांवर नागपुरात उपचार चालू होते. या रसायनांची गोष्ट आपल्यापासून लांबची राहिलेली नाही.

म्हणून सगळ्या वाचकांना आणि गॅरेजवाल्यांना एक विनंती. गाडीखाली घमेलं ठेवून मगच ड्रेन प्लग उघडा. सांडलेल्यावर माती किंवा भुसा टाकून तो उचला आणि जागा भरपूर पाण्याने धुवा. काढलेलं कूलंट नालीत किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर मुळीच भरून ठेवू नका. कॅनवर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहा आणि तो मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.